पत्रातून हरवलेला कर्ता

ऑफिसच्या ईमेलमधली काही वाक्ये वाचताच कपाळाला आठी पडते. 'काइंडली डू द नीडफुल', 'अॅज पर माय लास्ट ईमेल', 'जेंटल रिमाइंडर', 'होप दिस ईमेल फाइंड्स यू वेल' ही इंग्रजीतली. मराठीतून चालणाऱ्या कचेऱ्यांत त्यांची सख्खी भावंडे आहेत: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की', 'उचित कार्यवाहीस्तव सादर', 'योग्य ती दक्षता घेण्यात यावी'. ही वाक्ये ठरावीक आहेत, हजारदा वापरून गुळगुळीत झाली आहेत, म्हणून ती खुपतात असे सहसा सांगितले जाते. जुनी मराठी पत्रे वाचलेल्या माणसाला हे कारण पटणार नाही. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापले. त्यांतला कोणताही भाग उघडला तरी पानापानावर तेच मायने, तीच विनंती, तोच समारोप भेटतो. आजच्या कोणत्याही ईमेलपेक्षा ती पत्रे कितीतरी अधिक साचेबंद आहेत. तरीही त्यांतला साचा वाचणाऱ्याच्या आड येत नाही, त्याच्या हाती काहीतरी देतो. म्हणून साचा असणे हा दोष मानता येत नाही. साच्यात काय भरले आहे आणि साच्याने काय झाकले आहे, हे पाहावे लागते. आणि मराठी मुलखातल्या कार्यालयीन पत्राचा इतिहास पाहिला, तर सांगणाऱ्या साच्याची जागा झाकणाऱ्या साच्याने केव्हा आणि का घेतली, हे बऱ्यापैकी नेमके दाखवता येते.

पत्राला साचा हवा ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. गुजरातेत मध्ययुगात तयार झालेला आणि बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेने १९२५ मध्ये छापलेला 'लेखपद्धति' हा संस्कृत ग्रंथ म्हणजे पत्रांच्या आणि दस्तऐवजांच्या नमुन्यांचा संग्रहच आहे. महाराष्ट्रात यादवांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत याच्या नावावर परंपरेने मेस्तक घातले आहे. कोणाला कोणता मायना लिहावा हे कारकुनाने त्यातून शिकायचे. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या पत्रांत 'अज रख्तखाने' ही दख्खनी दरबारांची फारसी सुरुवात दिसते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पत्राच्या माथ्यावर राज्याभिषेक शक आला आणि सुरुवात संस्कृत वळणाची झाली. राज्य सार्वभौम झाले ही घोषणा प्रत्येक पत्र पहिल्या ओळीत करत होते, आणि तीही साच्यातूनच. पेशवाईत हे शास्त्र फारच बारीक झाले. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' कोणाला लिहायचे, 'श्रीमंत' आणि 'स्वामींचे सेवेसी' कोणाला, 'चिरंजीव' कोणाला, 'तीर्थरूप' वडिलांना तर 'तीर्थस्वरूप' इतर वडीलधाऱ्यांना, साष्टांग नमस्कार कुठे, रामराम कुठे आणि आशीर्वाद कुठे, हे सारे ठरलेले होते. पत्राच्या शेवटाचेही तसेच. वरिष्ठाने 'जाणिजे' किंवा 'आज्ञाप्रमाण' लिहिले की तो हुकूम. 'हे विनंति' लिहिले की मागणे बरोबरीच्याचे किंवा कनिष्ठाचे. पत्र पाहणाऱ्याला मधला मजकूर न वाचताही कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे आणि हुकूम करतो आहे की विनवतो आहे, हे कळत असे.

आणखी एक काम हे साचे करत, त्याची दखल फारशी घेतली जात नाही. मोडी ही सलग लिहिण्याची लिपी. तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडत नसत, पूर्णविराम नव्हता, परिच्छेद नव्हता. विरामचिन्हे मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, थॉमस कँडी यांच्या खटपटीने. त्याआधी पत्राचे भाग पाडण्याचे काम 'विनंति विशेष', 'ऐशास', 'कळले पाहिजे', 'बहुत काय लिहिणे' हे ठरावीक शब्द करत. 'विशेष' आला की नमस्कार संपून काम सुरू झाले. समोरच्याच्या पत्राचा गोषवारा देऊन झाला आणि 'ऐशास' आला की आता उत्तर. सरावलेल्या डोळ्याला हे शब्द मैलाच्या दगडांसारखे दिसत. पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' किंवा पेशव्यांची 'लेखनसीमा' अशी लहान मुद्रा उमटे. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. शिवकालीन पत्र अस्सल की बनावट हे तपासताना अभ्यासक आजही मायना आणि शेवटची मुद्रा बारकाईने पाहतात. आणि ज्याला आज कोणीही निव्वळ शिष्टाचार म्हणेल, त्या कुशलाच्या ओळीतही माहिती असे. 'येथील कुशल तागायत छ अमुक जाणोन स्वकीय कुशल लिहीत असावे' यातली तारीख महत्त्वाची. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, आणि माळव्यात भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांपर्यंत ती बातमी पोचायला सुमारे दहा दिवस लागले. अशा काळात आपले कुशल कोणत्या तारखेपर्यंतचे, हे सांगणे म्हणजे बातमी किती शिळी आहे हे प्रामाणिकपणे सांगणे. आपले छ पहिलीचे पत्र छ नवमीस पावले, असे लिहिणारा कारकून जासुदाच्या वेगाची नोंदही ठेवत होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हे साचे माहिती देत, पण ती माहिती जातीची आणि दर्जाची होती. माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठीच ती रचलेली होती. मुंबईच्या कंपनी सरकारने १७७९ मध्ये सोनार जातीच्या प्रमुखाला हुकूम पाठवून सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये अशी मनाई केली. तो ब्राह्मणांचा हक्क समजला जात होता. एका शब्दासाठी सरकारी हुकूम निघावा, यावरून त्या शब्दात किती सत्ता होती ते समजते. महारांनी 'जोहार' म्हणावे हा दंडक तर याहून क्रूर होता, आणि विधवेच्या नावामागे 'गंगाभागीरथी' लिहिणारा मायना तिचे दुःख पाकिटावर जाहीर करी. ते मायने गेले हे उत्तमच झाले. ते परत यावेत असे मी सुचवत नाही. पण या आक्षेपातून माझा मुद्दा उलट पक्काच होतो. ज्यांना तो साचा जाचक वाटला त्यांनी तो रिकामा म्हणून सोडला नाही, भरलेला म्हणून मोडला. विसाव्या शतकात विदर्भातून सुरू झालेला 'जय भीम' आज असंख्य मराठी पत्रांच्या माथ्यावर 'सप्रेम जय भीम' होऊन लिहिला जातो. तोही साचाच आहे, रोज हजारदा लिहिला जातो, आणि त्याला कोणी पोकळ म्हणत नाही. लिहिणारा कोण आणि कोणत्या नात्याने लिहितो, हे तो दोन शब्दांत सांगतो.

झाकणारा साचा आला तो दुसऱ्या वाटेने. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार म्हणजे पत्रांवर चालणारे राज्य. लंडनहून निघालेले पत्र मुंबईला पोचायला अनेक महिने लागत. म्हणून पत्रातल्या परिच्छेदांना क्रमांक घालायचे, उत्तरात त्या क्रमांकाचा संदर्भ द्यायचा, प्रत्येक कागदाच्या प्रती ठेवायच्या, ही शिस्त तिथे घडली. आजच्या सरकारी पत्रातल्या 'संदर्भ' या ओळीचे मूळ तिथे आहे, आणि ती उपयोगाची गोष्ट आहे यात शंका नाही. पण याच व्यवस्थेत आणखी काहीतरी घडले. १७८४ च्या कायद्यानंतर कंपनीच्या संचालकांचा मसुदा सरकारी नियंत्रण मंडळाकडे जाऊ लागला, तिथे त्यात खाडाखोड व्हायची, मग तो परत यायचा. एका पत्रावर अनेक हात फिरत. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षे लंडनच्या इंडिया हाउसमध्ये काढली आणि हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहिले. ते खलिते गेले मात्र संचालकांच्या नावाने. एवढा मोठा विचारवंत आपल्या कार्यालयीन लेखनात कुठेच सहीनिशी उभा नाही. पत्र कोण्या एकाचे नसले की त्यात 'मी' लिहिता येत नाही. मग 'असे वाटते', 'असे ठरविण्यात आले आहे', 'असे निदर्शनास आले आहे' अशी वाक्ये तयार होतात. म्हणजे कर्ता गाळण्याची ही सवय आळशीपणातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंतर आणि सामूहिक मसुदा या दोन अडचणींचे ते तेव्हाचे उत्तर होते.

त्याच काळात इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांची भाषाही इथल्या पेढ्यांत आणि कचेऱ्यांत उतरली. त्यांची चालू किंवा गेला महिना दाखवणारी संक्षिप्त रूपे आणि आपले 'माहे मजकूर' यांचे काम एकच होते, त्यामुळे इथल्या कारकुनाला ती परकी वाटली नसावीत. 'डू द नीडफुल' हा त्या पेढ्यांतलाच प्रयोग. तिथे तो चालत असे, कारण हुंडी स्वीकारणे किंवा माल सोडवणे यांत करायचे काय ते दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक असे. इंग्लंडात तो मागे पडला, आपल्याकडे राहिला, आणि जिथे काय करायचे ते मुळीच ठरलेले नाही अशा जागीही वापरला जाऊ लागला. पण सर्वांत मोठा फरक सहीच्या वरच्या ओळीत पडला. इंग्रज अधिकारी संस्थानिकाला ताकीद देतानाही आणि हाताखालच्या माणसाला कामावरून काढतानाही स्वतःला 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' म्हणवत असे. पेशवाईतला सरदार 'आज्ञाप्रमाण' लिहायचा तेव्हा ती आज्ञाच असायची. इथे मात्र आज्ञा करणारा आज्ञाधारक म्हणून सही करत होता. लिहिलेले नाते आणि खरे नाते यांची फारकत झाली, ती रोजच्या कागदावर, सर्वांसमक्ष, आणि तिलाच सभ्यता म्हटले गेले. आपल्या शाळांतल्या रजेच्या अर्जाखाली अजून 'आपला आज्ञाधारक' लिहिले जाते, ते याच परंपरेतले.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा म्हणून कायद्याचे बळ मिळाले. संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश केले, टिपणीत वापरायच्या इंग्रजी वाक्यांना मराठी पर्याय देणारी 'प्रशासन वाक्प्रयोग' ही पुस्तिका काढली. त्या माणसांचे कष्ट मोठे होते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांना त्यांनी मराठीत उभे केले. शिवाजी महाराजांच्या काळातला राज्यव्यवहारकोश आणि बडोद्याचा १९३१ चा 'श्री सयाजी शासन कल्पतरु' यांच्या वंशातलेच हे काम. पण त्यांच्यासमोरची अडचण वेगळी होती. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, म्हणजे नावे बदलली. १९६० नंतर जे मराठीत आणायचे होते ती पूर्ण वाक्ये होती, आणि त्या वाक्यांत कर्ता आधीच गाळलेला होता. तो गाळलेपणाही इमानाने भाषांतरित झाला. 'कळविण्यात येते', 'आदेश देण्यात येत आहेत', 'सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे'. बोलीत मराठी माणूस कर्त्याला सोडत नाही. तलाठ्याने नोंद केली नाही, साहेबांनी सही अडवली, असे थेट बोलतो. सरकारी कागदावर मात्र नोंद 'घेण्यात आलेली नाही', आणि सही 'प्रलंबित आहे'. ज्याची जमीन त्या नोंदीवर अवलंबून आहे, त्याला या वाक्यात जायला दारच सापडत नाही.

यावर कचेरीतला अनुभवी माणूस म्हणेल की हे मुद्दाम असे आहे आणि तसेच असायला हवे. पत्र कार्यालयाचे असते, व्यक्तीचे नव्हे. अधिकारी बदलून जातो, निर्णय राहतो. कर्ता उघडा केला तर खालच्या कारकुनावर सूड उगवला जाईल. यातली शेवटची भीती तर अगदी रास्त आहे. पण कार्यालय हे स्वतः कर्ता होऊ शकते. 'हे कार्यालय १५ दिवसांत मोजणीचा नकाशा देईल' या वाक्यात कोणाचेही व्यक्तिगत नाव नाही, तरी कोण, काय आणि कधी ही तिन्ही उत्तरे आहेत. आणि साचा काम हलवत नाही याची कबुली व्यवस्थेनेच आपल्या नियमांत देऊन ठेवली आहे. एखादे प्रकरण अडले, स्मरणपत्रे जाऊनही उत्तर आले नाही, की वरिष्ठ अधिकारी अर्धशासकीय पत्र लिहितो. ते नावाने लिहिले जाते, प्रथमपुरुषी असते, 'आपण यात जातीने लक्ष घालावे' असे त्यात म्हटलेले असते, आणि खाली माणसाची सही असते. सरकारी पत्रव्यवहारात हा प्रकार राखून ठेवला आहे तो एवढ्यासाठीच की नाव आणि 'मी' आल्यावर कागद हलतो. मग उरलेल्या पत्रांतून ते दोन्ही काढून टाकण्याचा आग्रह कशासाठी?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले आणि पुढच्या काही वर्षांत खासगी ऑफिसांत ईमेल आला. तंत्र नवे होते, पण लिहिणारे हात याच पत्रांवर तयार झालेले होते. तारीख, पाठवणारा, मिळणारा, आधीचा मजकूर, जोडलेला कागद हे सगळे आता यंत्रच दाखवते. जुन्या साच्याने केलेली जवळजवळ सारी उपयुक्त कामे यंत्राने उचलली, आणि मागे राहिले ते फक्त झाकण्याचे काम. सगळीच वाक्ये सारखी दोषी नाहीत, हे मात्र न्यायाने म्हटले पाहिजे. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' मला निरुपद्रवी वाटते. ते 'सोबत : वरीलप्रमाणे' याचे वारस आहे, आणि फाइल जोडायची राहून गेली तर त्यावरूनच कळते. खुशालीच्या ओळीचे गोत्र तर थेट रोमपर्यंत जाते. तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे, ही ओळ रोमन लोक इतक्यांदा लिहीत की तिची नुसती आद्याक्षरे उरली, जशी आपल्याकडे 'कृ. सा. न. वि. वि.' उरली. कंटाळा आला की माणसे साचा आखडता घेतात आणि पुढे जातात. त्याने कोणाचे बिघडत नाही. खरे खुपते ते 'अॅज पर माय लास्ट ईमेल', कारण आधीचे पत्र खालीच दिसत असताना त्याची आठवण फक्त दोष नोंदवण्यासाठी काढलेली असते. सरकारी पत्रातले 'या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र' निदान नोंदवहीत शोधायला उपयोगी पडे. 'जेंटल रिमाइंडर' खुपतो, कारण तगाद्याला तो तगादा म्हणत नाही. आणि 'काइंडली डू द नीडफुल' सर्वांत जास्त खुपते. ती आज्ञा की विनंती, करायचे ते नेमके काय, आणि ईमेल मिळालेल्या सात जणांपैकी ते कोणी करायचे, यांतले काहीच त्यात नसते; मात्र काम झाले नाही तर मी सांगितले होते असे म्हणण्याची सोय पाठवणाऱ्याकडे पूर्ण असते.

उरतो एक आक्षेप, आणि तो माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. घरात पहिल्यांदाच कोणी ऑफिसात पोचलेले असते, मराठी माध्यमातून शिकून हिंजवडीत नाहीतर अंधेरीत नोकरीला लागलेले असते. परक्या भाषेत वरिष्ठाला लिहिताना चूक होईल ही धास्ती त्या माणसाला असते, आणि अशा वेळी ही तयार वाक्येच आधार देतात. ती वापरली म्हणून त्याला हसणे हा निर्दयपणा आहे. मेस्तक हातात घेऊन बसलेल्या कारकुनालाही हाच आधार हवा होता. म्हणूनच साचे नकोत असे म्हणण्यात अर्थ नाही, साचे बदला असे म्हणण्यात आहे. त्या नवख्या माणसाला 'मला अमुक कागद अमुक तारखेपर्यंत हवा आहे, तो तुमच्याकडून मिळेल का?' हा साचा कोणी दिला, तर तो तेवढ्याच सहज वापरेल आणि त्याचे काम लवकर होईल. असा साचा वरून आला की खाली रुजतो, हे गेल्या २० वर्षांत कायद्याने दाखवून दिले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे अर्ज नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे कळवावेच लागते. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या विलंब प्रतिबंधक कायद्याने कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असे ठरवले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत जाहीर करायला लावली. माहिती अधिकाराची उत्तरे अजूनही 'आपणांस कळविण्यात येते की' यानेच सुरू होतात. पण त्यांच्या तळाशी माहिती अधिकारी कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण हे लिहिलेले असते, आणि अर्जदार आपले पुढचे अपील त्या ओळींवरून लिहितो.